दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीविना

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील पंचेचाळिसावे कलम सहसा कोणी आवर्जून वाचत नाही. अधिनियमातले ते शेवटून दुसरे कलम. हा कायदा कशाकशाला लागू होणार नाही, एवढेच ते सांगते. त्याच्या तिसऱ्या खंडाचा आशय असा की, जुनाट बनावटीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त असे जे हत्यार दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीविना अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे उरलेले नाही, त्याला हा कायदा लागू नाही. चौथा खंड सुट्या भागांचा. शस्त्राचा एखादा किरकोळ भाग जवळ बाळगायला हरकत नाही. अट एवढीच की, तो आपल्याजवळच्या किंवा दुसऱ्या कोणाजवळच्या पूरक भागांशी जोडून वापरण्याचा हेतू नसावा.

दोन्ही खंड एकत्र वाचले म्हणजे कायद्याची भूमिका स्पष्ट होते. जी बंदूक कायमची निकामी झाली ती मोकळी, आणि जो भाग कुठेच बसवायचा नाही तोही मोकळा. परंतु जुनी बंदूक आणि तिला बसणारा भाग एकमेकांजवळ आले, की दोघेही पुन्हा कायद्याच्या कक्षेत येतात. तर्क म्हणून यात खोट काढता येत नाही. प्रश्न उरतो तो ‘दुरुस्तीसह’ या शब्दाचा. दुरुस्ती कोणी करायची, त्यासाठी लागणारा भाग कुठून आणायचा, आणि कोणता भाग लागतो हे सांगणारा माणूस कुठे शोधायचा, याबद्दल कलम काही बोलत नाही. हा प्रश्न माझ्यासमोर एका अर्जाच्या रूपाने आला, आणि त्याचे उत्तर शोधण्यात एक मक्याचा हंगाम गेला.

विषय ठासणीच्या बंदुकीचा आहे. शहरात वाढलेल्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगतो. ही तोंडाकडून भरायची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, मग बोळा, मग छर्रे किंवा गोळी, आणि हे सारे लांब गजाने ठासायचे. नळीच्या मागच्या अंगाला निपल नावाचा एक पोकळ पोलादी खुंट आट्यांवर बसवलेला असतो. त्यावर तांब्याची छोटी टोपी चढवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी निपलच्या भोकातून आत उतरते आणि बार उडतो. आपल्या कोकणात हिला ठासणीची म्हणतात. छत्तीसगड, बिहार, झारखंडकडे ती भरमार होते, हिमाचलात टोपीदार आणि नेपाळीत भरुवा. परवान्याच्या पुस्तकात मात्र देशभर एकच नाव असते : एस.बी.एम.एल., म्हणजे एकनळी, तोंडाने भरायची.

या बंदुकीकडे कायद्याने तसे प्रेमानेच पाहिले आहे. अधिनियमाच्या तेराव्या कलमात, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, चौदाव्या कलमातील कारणे आड येत नसतील तर, परवाना ‘द्यावा’ असे म्हटले आहे. ‘देता येईल’ असे नाही. पिस्तूल मागणाऱ्याला हे भाग्य नाही. शेतकऱ्याची एकच बार उडवणारी, पुन्हा भरायला वेळ घेणारी बंदूक ही समाजाला कमी धोक्याची आणि त्याच्या उभ्या पिकाला पुरेशी, असा विचार १९५९ मध्ये संसदेने केला. तो विचार योग्यच होता. परंतु ज्या वस्तूवर हा हक्क टेकलेला आहे ती वस्तू देशात नव्याने फारशी घडत नाही. जे हक्कदार आहेत त्यांच्या हाती आजोबा-पणजोबांच्या वापरलेल्या, झिजलेल्या बंदुका आहेत.

मी तेव्हा हिमाचल प्रदेशातील एका डोंगरी जिल्ह्यात उपायुक्त होतो. तिकडे जिल्हाधिकाऱ्याला उपायुक्त म्हणतात आणि शस्त्रपरवान्यांचे काम जिल्हा दंडाधिकारी या नात्याने त्याच्याकडेच असते. २०१७ च्या जूनमध्ये, मका पेरणीच्या दिवसांत, साठी ओलांडलेला एक शेतकरी अर्ज घेऊन आला. त्याच्या बंदुकीचा निपल वरून चेपून चिरला होता. परवाना चालू, नूतनीकरण वेळेवर, कागदपत्रे नेटकी. अर्जात नवी बंदूक मागितली नव्हती, भरपाई मागितली नव्हती. तो म्हणाला, “जनाब, बंदूक माझी, परवाना माझा, शेतही माझे. निपल तेवढा कुठून आणू, ते सांगा.”

गावच्या लोहाराकडे का गेला नाहीस, हे त्याला विचारावे लागले नाही. कारण आधीच्याच हिवाळ्यात शेजारच्या गावात अपघात झाला होता. तिथल्या एका परवानाधारकाने लोहाराकडून निपल बसवून घेतला होता. बंदुकीचे भोक जुने आणि ऐसपैस, बाजारातला निपल बारीक. मधली जागा लोहाराने पितळी पत्र्याने भरून काढली. पहिले दोन-तीन बार नीट उडाले. पुढच्या बाराला निपल आटे सोडून मागे उडाला आणि त्या माणसाचा उजवा डोळा गेला. लोहारावर गुन्हा नोंदला गेला, आणि परिसरातल्या साऱ्या भात्यांवर बंदुकीचे नाव काढणे बंद झाले.

या लोहाराबद्दल कायदा काय म्हणतो, हे पाहण्यासारखे आहे. पाचव्या कलमानुसार शस्त्रांची निर्मिती, विक्री आणि दुरुस्ती या तिन्हींना परवाना लागतो. बेकायदा पिस्तुले घडवणारा आणि शेजाऱ्याच्या परवान्यातील बंदुकीचा खुंट बदलणारा, हे दोघे शिक्षेच्या एकाच खंडात बसतात. त्या वेळी ही शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षांची होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप झाली. दुसरी गोष्ट अशी की, विनापरवाना बंदूक बाळगल्याचा, म्हणजे तिसऱ्या कलमाखालचा खटला भरण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वसंमती लागते. एकोणचाळिसाव्या कलमाने ही चाळणी ठेवली आहे. पाचव्या कलमाला ती नाही. बंदूक बाळगणाऱ्याच्या बाबतीत हेतू काय, परिस्थिती काय, हे खटल्याआधी एकदा तोलून पाहण्याची सोय आहे. दुरुस्त करणाऱ्याच्या बाबतीत नाही. बेकायदा कारखाने चालवणाऱ्यांसाठी ही कठोरता हवीच. पण आमच्या लोहाराची फाईल माझ्या टेबलावर येण्याचे कारणच नव्हते. जामिनावर सुटल्यावर तो भाता बंद करून बद्दीच्या एका कारखान्यात कामाला गेला. त्याच्याबरोबर त्या खोऱ्यातले नांगराचे फाळ आणि कुऱ्हाडी शेवटणारा हातही गेला.

तेव्हा हा निपल कायद्याच्या वाटेनेच मिळवायचा, असे ठरले. त्यासाठी आधी बंदूक कोणती आहे हे कळायला हवे होते. परवान्याच्या पुस्तकात ‘एस.बी.एम.एल., क्रमांक २५’ एवढेच लिहिलेले. सैन्यातून निवृत्त झालेले एक आर्मरर जिल्ह्याच्या ठिकाणी राहत होते. त्यांना विनंती केली. त्यांनी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात घोंगडीवर बंदूक उघडली, आणि पुढचा तासभर मला एखाद्या जुन्या हस्तलिखिताचे वाचन ऐकावे तसे वाटले.

चापाच्या बाजूच्या पोलादी पट्टीवर मुकुट, ‘टॉवर’ हा शब्द आणि १८६१ हे साल होते. नळीच्या मुळाशी बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसची मोहोर होती. नळी दाब सहन करते की नाही, हे तपासून मोहोर उठवणारी ही संस्था १८१३ च्या कायद्याने स्थापन झाली. मोहोरेशेजारी २५ हा आकडा कोरलेला होता. तो बंदुकीचा क्रमांक नव्हताच. एक पौंड शिशाच्या सारख्या पंचवीस गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढ्या व्यासाची होईल तेवढे नळीचे तोंड, असा त्याचा अर्थ. आपण बारा बोर म्हणतो तीच ही मोजणी. फार वर्षांपूर्वी कोणा लिपिकाने रकाना रिकामा राहू नये म्हणून तो आकडा क्रमांकाच्या जागी लिहिला, प्रत्येक नूतनीकरणात तो नकलला गेला, आणि परवान्यांची राष्ट्रीय संगणकीय नोंद सुरू झाली तेव्हा तोच तिकडे चढला.

ही १८५३ नमुन्याची एनफिल्ड होती. आपल्या इतिहासात ती पुरेशी प्रसिद्ध आहे, कारण १८५७ मध्ये ज्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून भडका उडाला ती याच रायफलीसाठी होती. तिच्या मूळ नळीत आतून तीन पेचदार खाचा असत. त्यामुळे गोळी फिरकी घेत दूरवर नेमकी जाई. उठाव मोडल्यानंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींच्या हाती खाचा नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. अचूकता आपल्याकडे ठेवली. पुढे मागच्या बाजूने भरायच्या रायफली आल्या, जुन्या एनफिल्ड मोडीत निघाल्या आणि त्यांतल्या कित्येकांच्या नळ्या आतून घासून त्या साध्या बंदुका म्हणून विकल्या गेल्या. आमच्या शेतकऱ्याच्या घरी अशी आठवण होती की, ही बंदूक पणजोबांना एका डोंगरी संस्थानाच्या दरबारातून मिळाली. आर्मरर साहेबांनी टॉर्च लावून नळीत पाहिले. खाचा नव्हत्या. मी सुटकेचा श्वास टाकला, कारण पीकसंरक्षणाची सवलत ‘ठासणीच्या बंदुकी’ला आहे. खाचा निघाल्या असत्या तर ती रायफल ठरून त्या सवलतीत बसते की नाही, हा नवाच वाद उभा राहिला असता. नळीच्या आतल्या केसाएवढ्या खाचेवर माणसाचा हक्क अवलंबून असू शकतो, हे त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले.

आता सुट्या भागाचा प्रश्न. ‘टॉवर’ या एका शब्दाने त्याचे उत्तर अवघड करून टाकले. एनफिल्ड येथील सरकारी कारखान्याने अमेरिकेतून यंत्रे आणून १८५७-५८ पासून अशा रायफली बनवायला घेतल्या की, एकीचा भाग दुसरीला जसाच्या तसा बसावा. त्यांच्या पट्टीवर ‘एनफिल्ड’ असे कोरलेले असे. बर्मिंगहॅम आणि लंडनच्या खासगी कारागिरांनी त्याच नमुन्याच्या ज्या बंदुका घडवल्या त्यांवर ‘टॉवर’ हा शब्द असे, आणि त्या हाताने घासून जुळवलेल्या होत्या. दिसायला दोन्ही जुळ्या बहिणी. पण एकीचा स्क्रू दुसरीला बसेलच अशी खात्री नाही. त्यात आट्यांची भानगड निराळीच. जोसेफ व्हिटवर्थ यांनी स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण सुचवले ते १८४१ मध्ये, आणि बंदुकी घडवणारे बरेचसे कारागीर त्यानंतरही आपापल्या सवयीचेच आटे पाडत राहिले. एनफिल्डचा निपल पाव इंचाहून जाड, सुमारे पाच-षोडशांश इंचाचा असतो. आपल्याकडच्या दुकानांत जे काही निपल मिळतात ते बहुधा पाव इंची किंवा सहा मिलिमीटरचे. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. हे दोन डोळ्यांना सारखेच दिसतात, एकमेकांच्या भोकात दोन-चार फेरे फिरतातही, आणि घट्ट बसल्यासारखे वाटतात. तीच फसगत जीवघेणी. शेजारच्या गावातला डोळा अशाच फरकाने गेला होता.

भाग मिळणार कुठे? सरकारी आयुध कारखाने नागरिकांसाठी रिव्हॉल्व्हर, .३१५ ची रायफल, बारा बोरची बंदूक बनवतात. ठासणीच्या बंदुकीचे भाग त्यांच्या यादीत नाहीत. मग बिहारातील मुंगेर आठवले. मीर कासीमने १७६० च्या दशकात आपली राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला हलवली आणि त्याचा आर्मेनियन सेनापती गुर्गिन खान याने तिथे शस्त्रशाळा उभारली. तेव्हापासून त्या गावात ही कारागिरी नांदते आहे. पण परवानाधारक कारखान्यांतून बनते ती मुख्यतः बारा बोरची, मागून भरायची बंदूक. आणि ज्या हातांना परवान्याचे काम पुरत नाही त्यांच्यातले काही परवान्याबाहेरच्या कामाकडे वळले, ही त्या गावाची दुसरी ओळख आहे. कौशल्य रिकामे बसत नाही. त्याला कायद्यातले काम मिळाले नाही तर ते कायद्याबाहेरचे शोधते. शस्त्रविषयक धोरण ठरवताना आपण बंदुका मोजतो. हात मोजत नाही.

परदेशी स्थायिक झालेल्या एका मित्राला ही हकिकत कळवली तेव्हा त्याने लगेच उत्तर दिले, “इथे हा निपल काही डॉलरांत घरपोच मिळतो, पाठवून देऊ का?” परदेशस्थ वाचकांच्या मनात हाच विचार येईल, म्हणून स्पष्ट लिहितो. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली बंदूक पुरातन समजली जाते. तिला, तसेच सुट्या दारूने तोंडाकडून भरायच्या बहुतेक बंदुकांना, तो कायदा अग्निशस्त्र मानतच नाही. त्यामुळे तिथे छंदिष्टांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. इटलीतील गार्दोने वाल त्रोंपिया या गावात एनफिल्डच्या प्रतिकृती आणि भाग आजही बनतात. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीनेही १९७० च्या दशकात मूळ मापांवरून त्या काढल्या होत्या. २००३ मध्ये नेपाळने काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातील हजारो बंदुका परदेशी व्यापाऱ्यांना विकल्या. त्यांत १८५३ च्या एनफिल्डही होत्या. आज त्या अमेरिकेतल्या घरांत तेलपाणी होऊन, सुट्या भागांसह सुखाने नांदत आहेत. त्यांच्या हिमालयातल्या बहिणी मात्र निपलवाचून अडल्या आहेत. कारण आपल्या कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे भाग येतात, आणि दहाव्या कलमानुसार त्यांच्या आयातीला परवाना लागतो. मित्राला कळवले की, पाकिटात घालून पाठवू नकोस आणि सुट्टीवर येताना बॅगेतूनही आणू नकोस. वस्तू सुपारीएवढी असली तरी कस्टममध्ये तिचे नाव शस्त्रच आहे.

शेवटी उरली ती एकच वाट : दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडचा मिस्त्री. असा एक, सत्तरीतला, राज्याच्या मैदानी भागातील एका जिल्ह्यात होता. तो म्हणाला, माप पाठवून चालणार नाही, बंदूकच आणा. भोकाचे आटे पाहून निपल लेथवर कातावा लागेल. हे बोलणे खऱ्या कारागिराचे होते. पण शेतकऱ्याच्या परवान्याची हद्द आमच्या जिल्ह्यापुरती. बंदूक हद्दीबाहेर न्यायची तर हद्दवाढीचा आदेश हवा, आदेशासाठी ठाण्याचा अहवाल हवा, आणि अहवालात ‘प्रयोजन’ या रकान्यात काय लिहावे हे ठाण्याला कळेना, कारण निपल बदलण्यासाठी हद्दवाढ याआधी कोणी मागितलीच नव्हती. मिस्त्रीने तिकडे येणे हा पर्याय नव्हता. विक्रेत्याचा परवाना त्याच्या दुकानाच्या जागेला बांधलेला असतो. ऑगस्टात आदेश निघाला, सप्टेंबरात निपल तयार झाला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बंदूक घरी आली. मका तोवर निघाला होता. म्हणजे रानडुकरांनी आणि साळिंदरांनी ठेवला होता तेवढा. सारा हंगाम त्या घरातल्या बायामाणसांनी रात्र-रात्र पत्र्याचे डबे वाजवून काढला होता.

१२ ऑक्टोबरला निवडणूक आयोगाने हिमाचल विधानसभेची निवडणूक जाहीर केली. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करून घेण्याची पद्धत आहे. जमा करण्याचा आदेश माझ्याच सहीने निघाला आणि दुरुस्त होऊन आठवडाही न झालेली ती बंदूक ठाण्याच्या मालखान्यात गेली. शेतकऱ्याने तक्रार केली नाही. पावती घडी घालून खिशात ठेवताना एवढेच म्हणाला, “जनाब, ओल लागू देऊ नका.”

त्या वाक्यामुळे मी मालखान्यात गेलो. भिंतीला टेकून ठेवलेल्या बंदुकांपैकी बऱ्याचशा ठासणीच्या होत्या. कोणाचा गज हरवलेला, कोणाच्या दस्त्याला तार गुंडाळलेली, कोणाचा घोडा खिळखिळा झालेला. एकीच्या पट्टीवर मुकुट धरलेला सिंह होता. ईस्ट इंडिया कंपनीने १८०८ पासून आपल्या शस्त्रांवर वापरलेली ती खूण. कंपनीच्या बंदुकांवर डी. एफ. हार्डिंग यांनी चार खंडांचा ग्रंथ लिहिला आहे. त्यांतल्या चित्रांवरून पुढे आणखी काही बंदुकांची ओळख पटली. पण सरकारी नोंदवहीत सगळ्यांची ओळख एकच, एस.बी.एम.एल. एवढी शस्त्रे एका छताखाली एरवी कधी येत नाहीत, आणि मतमोजणी १८ डिसेंबरला होती. हाताशी दोन महिने होते. आर्मरर साहेब तयार झाले. प्रत्येक बंदुकीचे छायाचित्र, पट्टीवरील आणि नळीवरील खुणा, नळीचे माप, निपलच्या आट्यांचे माप आणि प्रकृती असा एक तक्ता आम्ही केला. ज्या चालवणे धोक्याचे होते त्यांच्या मालकांना लेखी कळवले. निवडणूक संपल्यावर, मालकांच्या संमतीने, दुरुस्तीजोग्या बंदुका एकाच हद्दवाढीच्या आदेशाने, पोलीस बंदोबस्तात, त्या मिस्त्रीच्या दुकानी पाठवल्या. मापे आधीच हाती असल्याने त्याने निपल कातून ठेवले होते. एका बंदुकीला चार महिने लागले होते. या सगळ्या मिळून तीन आठवड्यांत परत आल्या. १८५३ च्या एनफिल्डपुढचा ‘क्रमांक २५’ही त्याच फेरीत दुरुस्त झाला. पुढच्या श्रावणात मक्याला राखण होती.

यात पराक्रम काही नाही. एकही नियम वाकवावा लागला नाही, एकही नवा नियम लागला नाही. लागली ती माहिती, आणि ती माहिती असलेली दोन म्हातारी माणसे. आपल्या कारभारात परवान्याची वही जपली जाते, परवान्यातली वस्तू चालती ठेवणारे ज्ञान कोणाच्याच खात्यात मोडत नाही. हातपंप, तराजू, जुने नकाशे, मोडी दस्तऐवज, सगळीकडे हेच दिसते. नोंद आहे, वस्तू आहे, पण वस्तू वाचू शकणारा माणूस निवृत्त झाला आहे.

पिकांचे नुकसान हा आता मोठा प्रश्न झाला आहे. २०१५-१६ मध्ये केंद्राने बिहारात नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि सिमला महापालिकेच्या हद्दीत माकड यांना ठरावीक काळापुरते उपद्रवी घोषित केले. २०२२ मध्ये केरळने रानडुकरांबाबतचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे दिले. प्राण्यांना मारावे की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. बंदुकीचा नुसता बार ऐकूनच कळप परततो, हे डोंगरातला प्रत्येक शेतकरी सांगेल. पण आदेश कोणताही असो, तो ज्याच्या हातून अमलात यायचा त्याच्या हातातली बंदूक धड आहे का, हे कोणत्याच आदेशात विचारलेले नसते.

मला सुचतात त्या गोष्टी साध्या आहेत. निवडणुकीत जमा होणाऱ्या जुन्या बंदुकांची तपासणी आणि वर्णननोंद प्रत्येक जिल्ह्यात त्याच काळात व्हावी. ठासणीच्या बंदुकांपुरता, भाग बसवण्यापुरता, तहसीलपातळीवर कारागिराला मर्यादित परवाना मिळावा. त्याच्या कामाची वही ठाण्याने दर महिन्याला पाहावी. आणि पाचव्या कलमाखालील दुरुस्तीच्या गुन्ह्यालाही, बंदूक परवान्यातली असेल तर, एकोणचाळिसाव्या कलमासारखी पूर्वसंमतीची चाळणी असावी. शस्त्रे घडवणारे टोळीबाज या चाळणीतून सुटणार नाहीत. गावचा लोहार कदाचित सुटेल, आणि परवाना घेऊन योग्य माप शिकेल.

असे काही झाले नाही तर काय होईल, हेही पंचेचाळिसावे कलमच सांगते. तो सत्तरीतला मिस्त्री आणि त्याच्यासारखे देशभर विखुरलेले आणखी काही जण गेले, की या बंदुका ‘दुरुस्तीसह’ही चालणार नाहीत. कागदोपत्री त्या मोकळ्या होतील. प्रत्यक्षात त्या चालवल्या जातील, पितळी पत्रा गुंडाळलेल्या निपलवर, रात्रीच्या अंधारात, डोळ्यापासून वीतभर अंतरावर. शस्त्रांच्या नोंदवहीत आपण मालकाचा, ठाण्याचा, नूतनीकरणाचा रकाना आखला आहे. दुरुस्ती कोण करतो, हा रकाना अजून आखायचा राहिला आहे.